तेलाची पिशवी, १५ किलोचा डबा आणि घाण्याचं तेल : आठ महिने वापरून

सोयाबीन रिफाइंडची पिशवी, त्याच तेलाचा पत्र्याचा डबा आणि घाण्यावरचं शेंगदाणा तेल, तिन्ही आठ महिने आलटूनपालटून वापरली. रिफाइंडला चव नसते, शेंगदाण्याला असते; चवीचा विषय तिथेच संपतो. लिहायचंय ते पैशांबद्दल.

तेलाचा भाव लिटरवर बोलला जातो, हिशेब मात्र ग्रॅममध्येच करावा. एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. ठराविक वजनातच पॅकिंग करायची सक्ती २०२१च्या नियमबदलाने काढली, तेव्हापासून ८५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्याही लिटरच्या शेजारी उभ्या असतात, दिसायला तेवढ्याच. समजा लिटरची पिशवी १५० रुपये आणि ८५० ग्रॅमची १४५. हात स्वस्त पिशवीकडे जातो. भागाकार केला तर पहिली किलोला १६५ रुपये पडते, दुसरी जवळपास १७१.

त्याच बदलाने पाकिटावर एककाचा दरही छापायला लावला. कल्पना चांगली, पण किलोच्या आतल्या पाकिटावर तो दर ग्रॅमला असतो आणि दोनच दशांशांपर्यंत. १४५ रुपयांच्या ८५० ग्रॅमवरही ०.१७ आणि १३९ रुपयांच्या ८०० ग्रॅमवरही ०.१७! किलोमागचा तीन रुपयांचा फरक गोळाबेरजेत गडप. शिवाय हा दर एमआरपीवर काढलेला असतो, दुकानदार देतो त्या भावावर नाही. मोबाइलवर भागाकार करणं बरं.

भाव चढतो तेव्हा दुकानदाराला बोलून फारसा उपयोग नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून येतो: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून. तिकडचा भाव, डॉलर आणि आयात शुल्क, तिन्ही पिशवीत उतरतात. १४ सप्टेंबर २०२४ला कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क अधिभार धरून ५.५ वरून २७.५ टक्के झालं, तेही सणांच्या तोंडावर. मे २०२५च्या अखेरीस ते १६.५ टक्क्यांवर आलं. म्हणून शुल्क कपातीची बातमी आली की लगेच डबा भरू नये. जुन्या भावाचा माल संपेपर्यंत थांबावं.

डब्यात खरी फसगत लिटर-किलोची. '१५ लिटर' लिहिलेल्या डब्यात सुमारे १३.६५ किलो तेल असतं. किलोला १६५ धरले तर १५ किलोच्या डब्यापेक्षा सव्वादोनशे रुपयांचं तेल कमी. विकणारा दोन्हीला 'पंधराचा डबा'च म्हणतो. निव्वळ वजन वाचूनच पैसे द्यावेत.

महिन्याला अडीच किलो लागणाऱ्या घरात १५ किलो सहा महिने पुरतं, आणि घोळ इथेच होतो. खिळ्याने भोक पाडून तसाच वापरला तर डबा जसा रिकामा होतो तशी आत हवा वाढते आणि शेवटचं तेल खवट वास मारतं. फोडल्या दिवशीच सगळं तेल कोरड्या ठणठणीत, पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये गळ्यापर्यंत भरावं, ओट्याखाली अंधारात ठेवावं आणि एका वेळी एकच कॅन उघडावा. असं केलं तर शेवटचा कॅनही चांगला निघतो. एवढा खटाटोप नको असेल तर पिशवीच बरी. ती रिकामी झाली की कोपरा कापून बरणीवर रात्रभर उलटी टांगावी, चमचाभर तेल निघतं.

घाण्याच्या तेलाचं गणित वेगळं. एक किलो तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे जातात. दाणे १३० रुपये किलो असतील तर ३२५ रुपये नुसत्या दाण्यांचेच. पेंड विकून थोडे परत येतात हे खरं, पण 'लाकडी घाण्याचं' म्हणून २२० रुपये किलोने कोणी देत असेल तर त्यात दुसरं काय मिसळलंय ते विचारायला हवं. स्वतःचे दाणे नेऊन समोर गाळून घेता आले तर उत्तम. पेंड मागून घ्यायची. घरी आल्यावर दोन-तीन दिवस हलवू नये, तळाशी गाळ बसतो. वरचं नितळ तेल वेगळं काढावं. गाळासकट ठेवलेलं लवकर बिघडतं आणि तळणीत करपून फेसाळतं. एका वेळी दोन किलोच्या वर घेऊ नये.

पिशवी हलकी वाटली तर न फोडता काट्यावर ठेवावी. प्लास्टिकचं वजन किरकोळच असतं. छापील आकड्यापेक्षा कमी भरली तर बिल आणि पिशवीचा फोटो ठेवून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.