बादली खाली, माणूस वर: अंघोळीच्या खुर्चीचे तीन महिने

एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं पाने फिरवले, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायची खोड लागलीय. खुब्याचा सांधा बदलून मिरजेहून सांगलीला घरी आलो, तेव्हा मुलाने ऑनलाइन मागवलेली ही खुर्ची खोक्यातच होती. ॲल्युमिनियमचे पाय, भोकाभोकांची प्लास्टिकची बैठक, पाठ आणि दोन हात. किंमत २,३४० रुपये. खोक्यावर १०० किलो लिहिलंय, माझं वजन ७८.

जोडणी मुलाने केली, तपासणी मी पलंगावर बसून. एका पायाचं बटण भोकातून अर्धंच बाहेर आलेलं. वरून दाबल्याबरोबर पाय सर्रकन आत गेला! तसाच बसलो असतो तर पुन्हा मिरज. बटण टक् करून पुरतं बाहेर यायला हवं आणि चारही पाय सारख्या भोकावर हवेत. ही सूचना कागदावर आहे, पण मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत. याचे मार्क मी कापले.

उंची फिजिओथेरपीवाल्या मुलीने लावून दिली. बैठक गुडघ्यामागच्या घडीच्या थोडी वर. माझ्यासारख्या ऑपरेशनमध्ये पहिले काही आठवडे खुब्यात नव्वद अंशांच्या पुढे वाकायचं नसतं, नाहीतर नवा सांधा निखळायची भीती. तेवढ्यासाठी पाट आणि बुटकं स्टूल बंद.

आणि इथेच सगळी गंमत झाली. टाके निघाले, डॉक्टरांनी अंघोळीला हो म्हटलं, मी ऐटीत खुर्चीवर बसलो आणि तांब्या घ्यायला हात खाली नेला. बादली जमिनीवर! तांब्या बुडवायचा तर कमरेतून पार वाकायला हवं. खुर्ची बनवणाऱ्याच्या डोक्यात शॉवर असणार. आमच्याकडे शॉवर आहे, पण गेली सहा वर्षं त्यातून फक्त ठिबकतं. शेवटी हिने मोरीतलं कपड्यांचं भक्कम स्टूल आणून चांगल्या पायाच्या बाजूला ठेवलं आणि बादली त्यावर चढवली. पाणी अर्धी बादलीच, तेही मी बसायच्या आधी कालवून ठेवलेलं. साबणही तिथेच, कारण साबण खाली पडला की हात आपोआप त्याच्यामागे खाली जातो.

बसायची रीत एकदा अंगवळणी पडली की सोपी आहे. पाठमोरं मागे सरकत जायचं, दोन्ही पोटऱ्यांना खुर्ची लागली की ऑपरेशनचा पाय पुढे टाकायचा, हात मागे नेऊन खुर्चीचे हात धरायचे आणि सावकाश टेकायचं. टॉवेलच्या दांडीला लोंबकळायचं नाही. आमची दांडी दोन स्क्रूंवर आहे आणि ते मीच बसवलेत, म्हणून खात्रीने सांगतो. दाराला आतून कडी नाही, ही बाहेर उभी. आधी लाज वाटली, मग सवय झाली.

फरशीला मोरीच्या भोकाकडे उतार असतोच. पहिल्या दिवशी खुर्चीचं तोंड तिकडे होतं, तर साबणाच्या अंगाने मी हळूहळू पुढे घसरायला लागलो. पाठ उताराकडे केली, बैठकीवर जुना पंचा टाकला, तेव्हा बस्तान बसलं.

एका रविवारी ही वाटीत कोमट तेल घेऊन आली. “अहो, दीड महिना झाला, पाठीला तरी लावते.” खोलीत लावलं, पुसलं, तरी मोरीत गेल्यावर खुर्चीचे हात मुठीत राहीनात. उठताना डावा हात सुटलाच, हिने दंड धरला म्हणून वाचलो. तेल तेव्हापासून बंद. नातवाच्या मुंजीच्या दिवशीही तेल नको म्हणालो.

शेजारचे म्हणतात, एवढे पैसे कशाला, साधी प्लास्टिकची खुर्ची टाकायची. त्या खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर फाकतात, मी डेपोत दोघांना तसं पडताना पाहिलंय. माझ्या खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या आहेत, पण त्याही बघत राहाव्यात. तिसऱ्या महिन्यात मागच्या एका टोपीतून ॲल्युमिनियमची कड फरशीला लागायला लागली होती. काठीला लावतात तशा टोप्या सर्जिकलच्या दुकानात मिळाल्या. जुनी सोबत नेली होती, मापाला चूक झाली नाही. चारही बदलल्या.

पाचपैकी साडेतीन. कापलेला एक त्या बटणाचा, अर्धा बादलीचा.