तंबू चांगलाय हो, पण ती चेन! (पाइन बॅरन्समध्ये भरपूर वापरून झाल्यावर)

तंबू सहा जणांचा, केबिन टाइप, स्पेक्स सगळ्यांनी बघितलेत म्हणून परत टाइप करत बसत नाही. २०२४ च्या स्प्रिंगमध्ये सेलमध्ये घेतला, तेव्हा घाईघाईत पाच स्टार देऊन मोकळा झालो होतो, नंतर अडीचवर आणले, आता कुठे आहे ते खाली येईल. मधे एक सेकंडहँड पॉप-अप कॅम्पर (ट्रेलरचाच प्रकार, पण वर कॅनव्हास) पण घेतला, त्याचंही इथेच लिहितो कारण तो घेतला तो ह्या तंबूच्या वैतागातूनच.

कुठे वापरला ते आधी सांगायला हवं. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनकडचे, त्यामुळे कॅम्पिंग म्हटलं की खाली साउथ जर्सी. जास्त करून वॉर्टन स्टेट फॉरेस्टमध्ये अॅटसायन लेकजवळ, कधी बास रिव्हर, कधी ब्रेंडन बर्न. सगळा पाइन बॅरन्सचा पट्टा. डोंगर-बिंगर नाही, उंच म्हणून ज्याचं नाव घेतात ते अॅपल पाय हिल २०९ फूट, पुण्याहून आलेला मेहुणा वर चढून विचारत होता की डोंगर कुठाय. पिच पाइनची झाडं आणि खाली वाळू, फक्त वाळू. तिकडचे लोक तिला शुगर सँड म्हणतात, इतकी बारीक आणि पांढरी की बुटात, डब्यात, मुलांच्या कानात, सगळीकडे जाते.

आता ह्या वाळूचा एक फायदा आधी सांगतो म्हणजे उगाच रडतोय असं वाटायला नको. पाऊस पडला की पाणी थांबतच नाही, सरळ खाली. जुलैमध्ये रात्रभर धो धो कोसळला, सकाळी तंबूखाली डबकं नाही, चिखल नाही, फ्लोअर खडखडीत. ह्याच पाण्याचा मोठा साठा खाली आहे, कर्कवुड-कोहॅन्सी म्हणतात त्याला, आणि १८७० च्या दशकात जोसेफ वॉर्टन नावाच्या उद्योगपतीने हे जंगल विकत घेतलं ते इथलं पाणी फिलाडेल्फियाला विकायला, पण न्यू जर्सीने राज्याबाहेर पाणी न्यायला मनाई केली. म्हणून आज आपल्याला तिथे तंबू ठोकता येतो. तर फ्लोअरच्या वॉटरप्रूफिंगच्या आकड्यांवर जे लोक भांडत असतात त्यांना सांगतो, इथे खालून पाणी यायची भीतीच नाही, तो आकडा सोडा.

बॉक्समधल्या खुंट्या मात्र सरळ फेकून द्या. बारीक सळईच्या खुंट्या वाळूत लोण्यातल्या सुरीसारख्या आत जातात आणि तशाच बाहेर येतात. वाळूसाठी रुंद, लांब खुंट्या मिळतात, त्या चांगल्या असतात पण एकेक किती महाग, मी नाही घेतल्या. वीस पाउंडी बासमतीच्या रिकाम्या पिशव्या घेऊन जातो, त्यात तिथलीच वाळू भरायची, दोरी बांधायची, फूटभर खड्डा करून पुरायची. जोराच्या वाऱ्यातही हललं नाही काही. दुकानातल्या प्लास्टिक पिशव्या न्यू जर्सीत मे २०२२ पासून बंदच आहेत, तांदूळ तर आपल्याला लागतोच.

आता चेन. म्हणजे झिप हो. ह्या तंबूचा दरवाजा डी आकाराचा आहे, त्यामुळे चेनचा खालचा वळणदार भाग जमिनीला टेकून असतो, ज्याने कोणी हे डिझाइन केलं तो वाळूत कधी झोपलेला नाही. आत-बाहेर करताना वाळू त्यावर पडते, पाऊस आला की थेंबांनी वाळू उडून परत तिथेच बसते. ही वाळू म्हणजे क्वार्ट्झ, रनरच्या धातूपेक्षा कितीतरी कडक. दाते आणि रनर यांच्यामध्ये गेली की प्रत्येक वेळी आतून थोडं थोडं घासते, रनरचं तोंड सैल होतं, मग तो पुढे जातो आणि मागे चेन आ वासून उघडी. आमची ऑगस्टमध्ये गेली, रात्री अकरा वाजता, आणि सगळ्यात जास्त वापरतो त्याच दरवाज्याची.

तुम्ही म्हणाल एवढं काय चेनचं. अहो, पाइन बॅरन्समध्ये दरवाजा उघडा म्हणजे डास तर आलेच, पण गोचीड. लोन स्टार गोचीड तिकडे ढिगाने आहे आणि ती चावली तर काही लोकांना अल्फा-गॅल नावाची अॅलर्जी होते, मग गोमांस-डुकराचं सोडाच, मटण पण बंद. रविवारचं मटण बंद होणार असेल तर तंबूचे बाकीचे गुण घेऊन मी काय करू? त्या रात्री जाळीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावून झोपलो.

घरी आल्यावर कंपनीला मेल. आधी पावती मागितली, दिली. फोटो मागितले, दिले. व्हिडिओ मागितला, मुलाने चेन ओढताना काढून दिला. मग दोन आठवडे शांतता. मग उत्तर आलं की वाळूमुळे झालेली झीज ही नॉर्मल वेअर अँड टेअरमध्ये येते, वॉरंटीत नाही, आणि वाळूत वापर टाळावा. आणि ह्यांच्या बॉक्सवर फोटो कसला आहे माहितीये? बीचवर लावलेला तंबू! वाळूत! मी तो फोटो काढून परत पाठवला तर म्हणे चित्र प्रतिनिधिक आहे. पुढची ऑफर अशी की तंबू धुवून, वाळवून, स्वतःच्या खर्चाने पाठवा, आम्ही बघून सांगू. शिपिंगचा कोट काढला तर सेलमध्ये तंबूला दिले त्याच्या जवळजवळ निम्मे. सोडून दिलं.

शेवटी बायकोने सोडवलं. तिने पक्कड घेतली, रनरच्या मागच्या बाजूला दोन्हीकडून अगदी हलकं दाबलं, एकदा इकडे एकदा तिकडे, आणि चेन लागायला लागली. म्हणाली, 'अरे, कॉलेजच्या बॅगची चेन अशीच करायचो की आम्ही.' जोरात दाबायचं नाही, रनर तुटतो. हे काही महिने टिकलं, मग परत सैल, कारण आतून झिजलेलंच असतं. तेव्हा नवीन रनर मागवला, चार-पाच डॉलर. जुन्याच्या मागे ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो तो बघून घ्या, नाहीतर चुकीचा येतो. आता रोज संध्याकाळी जुन्या टूथब्रशने आणि साध्या पाण्याने चेन झाडायची, वाळली की मेणबत्ती थोडी घासायची. तेल अजिबात नको, तेलावर वाळू चिकटते.

पण रनर नंतरची गोष्ट. त्याआधी तावातावात मी पॉप-अप घेतला होता, ३,२०० डॉलरला. डोक्यात एकच, दरवाजा जमिनीपासून वर, चेन वाळूला लागायची नाही. आणि खरंच सुरुवातीला मस्त वाटलं. तिकडची वाळू कोरडी, उष्णता धरत नाही, त्यामुळे आकाश निरभ्र असलं की रात्री कडाका पडतो, तंबूत कुडकुडत होतो ते पॉप-अपच्या हीटरने गेलं. त्या स्टेट फॉरेस्टमध्ये आपल्या साइटला वीज-पाण्याचं हुकअप नसतं, पण बॅटरी आणि प्रोपेनवर वीकेंड निघतो. २०२४ चा ऑक्टोबर न्यू जर्सीचा आजवरचा सगळ्यात कोरडा, आगीच्या निर्बंधांची स्टेज ३ लागली, म्हणजे लाकूड-कोळसा काहीच पेटवायचं नाही, फक्त उंचावरचा गॅस नाहीतर विजेचा स्टोव्ह. तेव्हा पॉप-अप असता तर त्याच्या प्रोपेन स्टोव्हवर खिचडी करून तरी खाल्ली असती, आम्ही मात्र बुकिंग कॅन्सल करून घरी बसलो. पुढच्या एप्रिलमध्ये ओशन काउंटीत १५ हजार एकरांवर जळलं आणि गार्डन स्टेट पार्कवे बंद पडला, तेव्हापासून शेकोटीचा आग्रह मी पण सोडलाय.

मग पॉप-अपचे खर्च सुरू झाले. टाउनहाउसच्या असोसिएशनला ट्रेलर ड्राइव्हवेत चालत नाही, त्याला दर महिन्याला स्टोरेजचं भाडं. वाळूत स्टॅबिलायझर जॅक खचतात, खाली जाड फळ्या ठेवायच्या, नाहीतर रात्री कोणी कुशीवर वळलं की अख्खं घर कुरकुरतं. मुलांच्या पायाला लागून वाळू आत येतेच, आणि बेड बाहेर ओढायच्या रेल्समध्ये गेली की असा आवाज येतो की शेजारच्या साइटचे लोक वळून बघतात. आणि मग जूनमध्ये, बसा आता, खिडकीची चेन गेली. चेनच! ती कॅनव्हासलाच शिवलेली, दाते फाटलेले, पक्कड काय करणार. रिपेअरवाला म्हणाला पूर्ण पॅनल बदलावं लागेल, ७०० डॉलर. कॅम्पर घेतला कितीला, चेन कितीला!

तेव्हा माझं मत परत फिरलं. तंबूला नवीन रनर टाकला तो ह्याच काळात, आणि उन्हाळ्यात आम्ही पुन्हा तंबूच नेतो. पॉप-अप फक्त थंडीच्या वीकेंडला, खिडकीला आतून वेल्क्रो लावून. विकायचा विचार आहे पण त्या खिडकीमुळे कोणी भाव देत नाही.

तर तंबूला साडेतीन. उंची, हवा, पावसातला भरवसा, सगळं ठीक, दीड स्टार चेन आणि त्या बॉक्सवरच्या फोटोबद्दल कापलेत. नेणार असाल तर एक रनर आधीच जास्तीचा घेऊन ठेवा. आणि हो, कंपनीने शेवटी मला गप्प करायला पुढच्या खरेदीवर वीस टक्क्यांचं कुपन पाठवलंय, मी काही वापरणार नाही, कोणाला हवं असेल तर मेसेज करा, फक्त सरळ उघडणाऱ्या दरवाज्याचा तंबू बघून घ्या.