आरजी ३५ एक्सएक्स एच : स्पेक्ट्रमवाल्यांसाठी

ॲनबर्निकचा हा हातात मावणारा गेम मी घेतला तो स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरच्या गेमसाठी. मारिओ आणि काँट्रा खेळायला घेणाऱ्यांसाठी त्याची परीक्षणं ढिगाने आहेत. निन्टेंडो-सेगाचे जुने गेम यावर चालतात का, याचं उत्तर 'हो, मस्त चालतात' इतकंच आहे. मला लिहायचंय ते घरगुती कॉम्प्युटरांबद्दल : झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, अमिगा. कन्सोलचा गेम अशा यंत्रावर टाकला की लगेच खेळता येतो, कारण मूळ कन्सोललाही हीच चार-सहा बटणं होती. स्पेक्ट्रमला ४० कळा होत्या, आणि त्यातल्या कुठल्या वापरायच्या हे ज्याने त्याने आपापल्या गेमपुरतं ठरवलं. त्यामुळे इथे चिप किती वेगवान आहे याला फार अर्थ नाही. कळा बटणांवर किती नीट बसवता येतात, यावर सगळं अवलंबून आहे.

यंत्राची माहिती थोडक्यात. साडेतीन इंची, ६४० बाय ४८० चा पडदा, ऑलविनर एच ७०० चिप, १ जीबी रॅम, ३३०० एमएएचची बॅटरी, मायक्रो एसडी कार्डाचे दोन खाचे, दोन ॲनालॉग स्टिक, मिनी एचडीएमआय आणि इयरफोनचं भोक. मला साधारण सात हजारांना पडला. कुठल्याही अशा यंत्रासोबत येणाऱ्या कार्डावर विसंबू नये, म्हणून सोलापूरच्या नवी पेठेतून चांगल्या कंपनीची दोन कार्डं आणि यूएसबी जोडायची एक ओटीजीची पिन आणली आणि पहिल्याच दिवशी म्यूओएस टाकलं. म्यूओएस म्हणजे या यंत्रांसाठी हौशी लोकांनी बनवलेली फुकट सिस्टीम. आत रेट्रोआर्कच आहे, म्हणजे सगळ्या जुन्या यंत्रांचे गेम चालवणारा प्रोग्राम, पण सगळ्या सेटिंग आपल्या हातात राहतात. पुढे जे लिहिलंय ते सगळं म्यूओएसवरचं आहे.

आता पडदा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा पडदा जणू स्पेक्ट्रमसाठीच बेतलाय.

स्पेक्ट्रमचं चित्र २५६ बाय १९२ ठिपक्यांचं. भोवती बॉर्डरची रंगीत चौकट. फ्यूज नावाचा इम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम, ही चौकट धरून ३२० बाय २४० चं चित्र देतो. त्याची बरोबर दुप्पट केली की ६४० बाय ४८०. म्हणजे मूळचा एक ठिपका इथे दोन बाय दोनचा चौकोन होतो, कुठेही ओढाताण नाही. काही लोक चित्र मोठं दिसावं म्हणून बॉर्डर लपवतात. तेव्हा पट अडीच होते, अर्धा ठिपका दाखवता येत नाही, आणि अक्षरांचे काही दांडे जाड तर काही बारीक दिसायला लागतात. मी चादरी-टॉवेलची डिझाइनं करते, आयुष्य ग्राफच्या चौकटीत गेलंय, त्यामुळे एखादा दांडा जाड झाला की माझी नजर तिथेच अडकते. कृपा करून बॉर्डर ठेवा. शिवाय लोडिंगचे पट्टे त्या बॉर्डरवरच दिसतात : आधी लाल-निळसर, सूर लागला की निळे-पिवळे. फ्यूजमध्ये 'टेप फास्ट लोड' बंद केलं तर कॅसेटचा तो कर्कश आवाज आणि पट्टे पूर्ण वेळ अनुभवता येतात. ४८ केबीचा गेम असेल तर चार-पाच मिनिटं. मी ते मुद्दाम बंद ठेवलंय.

स्पेक्ट्रमच्या रंगांची तऱ्हाही या पडद्यावर स्वच्छ दिसते. आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक घरात दोनच रंग : एक शाईचा, एक कागदाचा. पिवळा माणूस हिरव्या झाडासमोरून गेला की झाडाचा तुकडा पिवळा होतो. बरेच जण याला दोष म्हणतात. मला त्यात आमचं जेकार्डचं, नक्षी विणायच्या मागाचं, काम दिसतं. आडव्या ओळीत बाण्याचे (आडव्या धाग्याचे) जेवढे रंग भरलेत तेवढ्यातच मोर बसवायचा, आणि चांगला डिझायनर तो असा बसवतो की रंग कमी होते हे गिऱ्हाइकाला कळतही नाही. चांगले स्पेक्ट्रम गेम बघा : पात्रं एकरंगी, मागची जागा काळी, खोल्या नेमक्या आठाच्या घरात आखलेल्या. १९८३ चा मॅनिक मायनर मॅथ्यू स्मिथ नावाच्या पोराने जवळपास एकट्याने लिहिला. त्यातली एकेक गुहा थांबवून बघा. या पडद्यावर घरं मोजता येतात.

आमच्या घरी स्पेक्ट्रम आला तो मामांमुळे. १९८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन आपल्याकडे 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काढला, तोच हा. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, टेपरेकॉर्डर आज्जीच्या भजनांचा. लोडिंग संपत आलं की लाइट जायची, आणि सगळं पहिल्यापासून. आज सेव्ह स्टेट आहे : बटण दाबून यंत्र बंद करा, पुन्हा उघडा, तिथेच. सोलापुरात राहून ज्यांनी कॅसेटवरून गेम लोड केलेत, त्यांना या एका सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

आता कळांकडे. जेट सेट विलीमध्ये क्यू डावीकडे, डब्ल्यू उजवीकडे, खालच्या ओळीतली कुठलीही कळ म्हणजे उडी. दुसरा एखादा गेम क्यू-ए-ओ-पी मागतो. तिसरा सुरुवातीलाच यादी दाखवतो : १ कीबोर्ड, २ केम्पस्टन (जॉयस्टिकचा एक प्रकार), ३ कर्सर. आणि आकडा दाबल्याशिवाय पुढे सरकत नाही, तो आकडा तर आपल्याकडे नाहीच. अशा वेळी सिलेक्ट दाबायचं, पडद्यावर कीबोर्ड येतो, त्यातून आकडा निवडायचा. एकदा ठीक आहे, पण रोज कंटाळा येतो. त्याऐवजी फ्यूजच्या सेटिंगमध्ये, म्हणजे कोअर ऑप्शन्समध्ये जा. तिथे यंत्राच्या प्रत्येक बटणाला स्पेक्ट्रमची कुठलीही कळ देता येते. माझी पद्धत अशी : शक्य तिथे केम्पस्टन, डाव्या खांद्याच्या बटणावर तो सुरुवातीचा आकडा, उजव्या खांद्यावर एंटर, एक्सवर स्पेस. मग 'सेव्ह गेम ऑप्शन्स' करायचं, म्हणजे ही मांडणी त्या गेमपुरती राहते. हे विसरून सगळ्यांना एकच मांडणी ठेवली तर एक गेम सुधारतो आणि दहा बिघडतात. दर गेममागे पाच-दहा मिनिटं जातात. पण ज्या गेमची मांडणी नीट लागली, तो पुढे कन्सोलच्या गेमसारखा हातात बसतो. दहा हजार गेम भरलेलं कार्ड घेऊन काय करायचं, मला खरंच कळत नाही. आवडते पंचवीस निवडा आणि त्यांच्या कळा लावा.

टाइप करायचे गेम वेगळे. 'गो नॉर्थ', 'टेक लॅम्प' असं पडद्यावरच्या कीबोर्डातून एकेक अक्षर वेचत लिहायचं म्हणजे शिक्षा आहे. ओटीजीची पिन लावून साधा यूएसबी कीबोर्ड जोडा, तो चालतो. फक्त एक लक्षात ठेवा : रेट्रोआर्क काही कळा स्वतःच्या कामाला वापरतं. पी दाबलं की गेम थांबतो, स्पेस दाबली की पळायला लागतो, एस्केपने बंद होतो. कीबोर्ड बिघडलाय असं वाटतं, पण तसं नसतं. स्क्रोल लॉक दाबून 'गेम फोकस' चालू करा, मग सगळ्या कळा गेमकडे जातात. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे लोकांनी चांगले कीबोर्ड परत केलेले मी पाहिलेत.

कमोडोर ६४ ला मी स्पेक्ट्रमच्या खालोखाल मार्क देते. त्याचा व्हाइस इम्युलेटर पक्का आहे आणि सिड या कमोडोरच्या आवाजाच्या चिपचा नाद इयरफोनमध्ये फार सुंदर लागतो. यंत्राच्या स्पीकरवर ऐकू नका, त्याचा खर्ज हरवतो. कमोडोरच्या जॉयस्टिकला फायरचं एकच बटण होतं, त्यामुळे बहुतेक गेममध्ये काठी वर ढकलली की उडी. इथे ती उडी एका बटणावर घेता येते आणि अंगठ्याला केवढा आराम पडतो. गेम सुरू झाला पण माणूस हलत नाही, असं झालं तर जॉयस्टिकचं पोर्ट बदलून बघा. एक आणि दोन अशी दोन पोर्टं होती, बहुतेक गेम दोन नंबर वापरतात, पण सगळे नाही.

कमोडोरवरच एक त्रास स्पष्ट दिसतो. युरोपात विकले गेलेले हे कॉम्प्युटर सेकंदाला ५० चित्रं दाखवायचे, आपल्या हातातला पडदा ६० दाखवतो. मग दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवावं लागतं. एका जागी उभ्या खोलीच्या गेममध्ये ते जाणवत नाही. पण युरिडियमसारखा गेम, ज्यात जहाज पडदाभर सरकत राहतं, तिथे सरकणं अडखळतं. इम्युलेटरला अमेरिकी पद्धतीवर टाकलं तर अडखळणं जातं, पण गेम पाचव्या हिश्श्याने वेगात पळतो आणि संगीताचा सूर चढतो. मला ते सहन होत नाही, मी अडखळणं पत्करते. हा दोष या एका यंत्राचा नाही. ६० वर बांधलेल्या कुठल्याही पडद्यावर हेच होणार. ज्यांच्यासाठी गुळगुळीत सरकणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्यांनी ५० वर चालू शकणारा पडदाच शोधावा.

अमिगासाठी हे यंत्र घेऊ नका. चिप कमी पडते म्हणून नाही. अमिगा ५०० चे साधे गेम व्यवस्थित चालतात. अडचण दोन ठिकाणी आहे. युरोपातल्या अमिगाचं चित्र ३२० बाय २५६, त्याची दुप्पट ५१२ ओळी, आपल्याकडे ४८०. एकतर कडा कापायच्या, नाहीतर चित्र दाबायचं. जे गेम २०० ओळींत बनलेत ते नीट बसतात, बाकीच्यांचं काही ना काही जातं. दुसरी अडचण माऊसची. लेमिंग्ज हा माऊसचा गेम स्टिकने खेळून बघा : डझनावारी पिल्लांतून नेमक्या एकावर खूण आणेपर्यंत ते दरीत गेलेलं असतं. शिवाय अमिगा सुरू करणारा मूळ प्रोग्राम, किकस्टार्ट रॉम, हवा, आणि तो आजही हक्कांखाली आहे. अमिगा फॉरएव्हर हे सॉफ्टवेअर विकत घेतलं की रीतसर मिळतो. स्पेक्ट्रमचं बरं आहे. १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा घेतला आणि पुढे इम्युलेटरसोबत रॉम द्यायला परवानगी दिली. म्हणूनच तो आतच असतो, शोधत फिरावं लागत नाही.

बॅटरीबद्दल तक्रार नाही. स्पेक्ट्रमला जोर लागतच नाही. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जायचं, सुताच्या नमुन्यांची कामं उरकून रात्री परत यायचं, आणि जाता-येता दोन्ही वेळा खेळायचं, एवढं एका चार्जिंगवर होतं. मे महिन्यात मात्र गाडीच्या खिडकीशी बसून काही दिसत नाही. आपल्याकडचं ऊन या पडद्याला झेपत नाही. सावलीची बाजू धरा.

पन्नाशीनंतरच्या डोळ्यांसाठी एक सांगते. स्पेक्ट्रमच्या एका ओळीत ३२ अक्षरं, कमोडोरच्या ओळीत ४०. वाचायच्या चष्म्याने दोन्ही आरामात दिसतात. अमिगाची बारीक अक्षरं या आकारात वाचू नयेत, मिनी एचडीएमआयची केबल लावून टीव्हीवर घ्यावीत.

टीव्हीवरून आठवलं. भाचीच्या मुलीला मी केबल आणि कीबोर्ड लावून स्पेक्ट्रमची बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा दाखवली. यात शब्द टाइप करायचाच नसतो. ओळीच्या सुरुवातीला पी दाबलं की अख्खा प्रिंट येतो, जे दाबलं की लोड. साध्या यूएसबी कीबोर्डवर हे छापलेलं नसतं, म्हणून मी स्पेक्ट्रमच्या कळांचा नकाशा प्रिंट काढून समोर चिकटवला. तिने बॉर्डरचा रंग बदलणारा लूप लिहिला आणि मग तो वेगात पळवायचा कसा हे स्वतःच शोधत बसली. मुलांसाठी घेत असाल तर गेमच्या आधी हे करून द्या.

ज्यांनी १९८४ नंतर सरकारच्या क्लास या कॉम्प्युटर शिकवण्याच्या योजनेतून शाळेत बीबीसी मायक्रो हा कॉम्प्युटर पाहिला, ते त्याबद्दल विचारतील म्हणून शेवटी. आमच्या शाळेत तो कुलूप लावलेल्या खोलीत होता आणि एलाइट, अवकाशात उडत व्यापार करायचा गेम, मला तिथेच पहिल्यांदा दिसला. पण बीबीसीसाठी या यंत्राच्या वाटेला जाऊ नका. एलाइटला अर्धा कीबोर्ड लागतो, आणि बीबीसीचे चांगले इम्युलेटर लॅपटॉपवर आहेत. जेएसबीब तर ब्राउझरमध्येच उघडतो, काही टाकावंही लागत नाही. एलाइट हातातच हवा असेल तर १९८५ ची स्पेक्ट्रमची आवृत्ती घ्या. त्यात सुरुवातीला लेन्सलॉकचा कोड विचारतात. प्लास्टिकची भिंग-पट्टी टीव्हीला लावून तो वाचायचा असे, ती आता कुणाकडे नाही आणि साडेतीन इंचावर ती चाललीही नसती. त्यामुळे कोडच्या पुढचा स्नॅपशॉट, म्हणजे तिथे सेव्ह केलेली फाइल, वापरा, आणि उडणं स्टिकवर, गोळी 'ए' बटणावर, वेग दोन्ही खांद्यांवर घ्या. बाकी नकाशा आणि व्यापाराच्या कळांसाठी सिलेक्ट आहेच. तिथे घाई नसते.