अपवर्तनांकाची प्रोफाइल स्वतः आखू देणारे फायबर-डिझाइन सॉफ्टवेअर : एक परीक्षण

प्रकाशतंतूचे वागणे केंद्रापासून बाहेर जाताना अपवर्तनांक कसा बदलतो यावरून ठरते. म्हणून अशा सॉफ्टवेअरची पारख करताना मी सर्वांत आधी पाहतो, ते ही प्रोफाइल वापरणाऱ्याला किती मोकळेपणाने आखता येते हे. सध्या मी वापरत असलेल्या पॅकेजमध्ये त्यासाठी तीन वाटा आहेत : एकसारख्या अपवर्तनांकाचे थर, त्रिज्येवर आधारलेले सूत्र आणि मोजलेल्या बिंदूंची फाइल.

थरांची सोय चोख आहे. ८.२ मायक्रॉन गाभा आणि १२५ मायक्रॉन आवरण असलेला नेहमीचा सिंगल-मोड फायबर (ज्यात प्रकाशाचा एकच मोड, म्हणजे प्रकाश पसरण्याचा एकच ठरावीक आकार, टिकतो) तिच्यात सहज उभा राहतो, आणि वाकवल्यावर प्रकाश गळू नये म्हणून गाभ्याभोवती कमी अपवर्तनांकाचा खंदक ठेवलेला फायबरही. सूत्राची वाट मला त्याहून आवडली, कारण तिची खातरजमा करता येते : पॅराबोलिक प्रोफाइलचा, म्हणजे सूत्रातल्या त्रिज्येचा घातांक २ असतानाचा, दुसऱ्या मोडचा कटऑफ (ज्याखाली तो मोड तंतूत टिकत नाही ती मर्यादा) व्ही-संख्या (गाभ्याची त्रिज्या, तरंगलांबी आणि अपवर्तनांकातला फरक यांवरून निघणारा आकडा) ३.५१८ असताना यायला हवा आणि घातांक खूप वाढवल्यास तो पायरीच्या प्रोफाइलच्या (गाभ्यात सर्वत्र एकच अपवर्तनांक आणि कडेला एकदम घट) २.४०५ कडे सरकायला हवा. दोन्ही उत्तरे बरोबर आली.

खरी कसोटी फाइलच्या वाटेवर लागते. मोजमाप एकाच तरंगलांबीवर झालेले असते आणि ती बहुधा वापराच्या तरंगलांबीहून लहान असते. शुद्ध सिलिकाचा अपवर्तनांक ६३३ नॅनोमीटरला १.४५७, तर १५५० नॅनोमीटरला १.४४४ असतो. हे सॉफ्टवेअर फाइलमधील आकडे सर्व तरंगलांबींना तसेच लावते आणि तशी सूचनाही देत नाही, हा मला गंभीर दोष वाटतो. मोडचा आकार त्यामुळे फारसा बिघडत नाही, परंतु डिस्पर्शनमधला (तरंगलांबीनुसार प्रकाशाचा वेग बदलल्याने स्पंद पसरणे) काचेचा स्वतःचा वाटा पूर्णपणे नाहीसा होतो, आणि १५५० नॅनोमीटरला जिथे सुमारे १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर प्रति किलोमीटर यायला हवेत, तिथे ऋण आकडा दिसतो. नवख्या माणसाने तो खरा मानला, तर त्याचा दोष त्याला देता येणार नाही.

यावरचा उपाय मात्र याच पॅकेजमध्ये आहे, आणि त्यासाठीच मी ते सोडलेले नाही. अपवर्तनांकाऐवजी जर्मेनियम आणि फ्लोरिनचे प्रमाण त्रिज्येनुसार दिले, की प्रत्येक तरंगलांबीला सेलमायर समीकरणातून (काचेचा अपवर्तनांक तरंगलांबीनुसार देणारे सूत्र) अपवर्तनांक नव्याने काढला जातो. एमसीव्हीडी पद्धतीत (काचेच्या नळीच्या आत वायूंपासून काचेचे थर बसवून फायबरचा मूळ दांडा बनवण्याची रीत) नळी मिटवताना जर्मेनियम उडून गेल्याने केंद्रात पडणारी खळगीही मग केवळ आकड्यांची घट न राहता मिश्रणातला बदल म्हणून मांडता येते. मोजलेल्या आकड्यांवरून हे प्रमाण काढण्याचे काम मात्र अजून बाहेरच्या स्प्रेडशीटमध्ये करावे लागते. फाइल उघडतानाच मोजमापाची तरंगलांबी विचारणारा एक रकाना दिला, तर ही पायरी सॉफ्टवेअरच उरकू शकेल.