एक्झॉस्ट लाईनला लावलेला नवीन बेलो, एक अख्खा सीझन वापरून

आमचा साखर कारखाना आहे, पश्चिम महाराष्ट्रातला. टर्बाइनकडून इव्हॅपोरेटरला (रस आटवायच्या भांड्यांना) वापरलेली वाफ नेणारी ६०० मिमीची एक्झॉस्ट लाईन, तिच्यातला जुना बेलो, म्हणजे पाईप गरम होऊन वाढला की दबणारा घड्यांचा पातळ पत्र्याचा जोड, गेल्या सीझनला मधेच वाकडा होऊन फुगला, म्हणून ऑफ सीझनला पुण्याकडच्या एका फॅब्रिकेटरकडून नवीन करून घेतला. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), ॲक्सियल म्हणजे पाईपच्या सरळ रेषेत दबणारा, आत स्लीव्ह (आतली नळी), ७५ मिमी मूव्हमेंटचा. आता पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, महिना झालाय, लॅगिंग (पाईपवरचं उष्णतारोधक आवरण) उघडून बघितलं आणि मग लिहितोय.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे यांनी रेट द्यायच्या आधी प्रश्न विचारले. बाकीच्या तिघांनी साइज ऐकून फोनवरच आकडा सांगितला. यांनी अँकर (पाईप जागेवर पक्का धरणारा आधार) कुठं, गाइड (पाईप सरळ रेषेतच सरकू देणारा आधार) किती, मधलं अंतर किती ते विचारलं, ड्रॉइंग मागवलं आणि सरळ म्हणाले, "साहेब, नुसता बेलो बदलू नका, तुमच्या इव्हॅपोरेटरच्या बाजूला अँकरच नाहीये." आणि खरंच नव्हता, वर्षानुवर्षं सगळे एका साध्या सपोर्टलाच अँकर समजत होते!

लोखंडी पाईप मीटरमागे १०० डिग्रीला साधारण १.२ मिमी वाढतो, आमचं अंतर ४५ मीटर, ३० वरून १३० डिग्रीला गेला की ५४ मिमी, हा हिशोब सगळे करतात. राहून जातो तो प्रेशरचा जोर. बेलोला आतून वाफ ताणते, घड्यांचा सरासरी व्यास ६४० मिमी धरला तर दीड किलो प्रेशरलाच पावणेपाच टनांच्या वर जातं, हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) दीडपटीनं केली तर सात टन. हे सगळं अँकरनं धरायचं असतं, बेलोनं नाही. १९७४ ला इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या केमिकल प्लांटमध्ये दोन बेलोंच्या मधे वाकडा तात्पुरता पाईप नीट न धरता बसवला होता, तो सुटला आणि २८ माणसं गेली. त्यामुळं आपल्याकडं कुणी "चालतंय, सपोर्ट नंतर बघू" म्हणालं की मला राग येतो.

त्यांच्या सांगण्यावरून पहिला गाइड बेलोपासून चार डायाच्या (पाईपच्या व्यासाच्या चौपटीच्या) आत म्हणजे २.४ मीटरवर, दुसरा तिथून १४ डायाच्या आत घेतला. नवा अँकर फाउंडेशनपासून केला, बेलोच्या किमतीपेक्षा खर्च जास्त आला पण तो करायलाच पाहिजे होता. लाईन गरम झाल्यावर खडूच्या खुणेवरून मोजलं, बेलो ५१ मिमी दबला होता, एका रेषेत. सीझनभर लीकेज नाही.

तक्रारी पण आहेत. माल बारा दिवस उशिरा आला, बॉयलर पेटवायची तारीख जवळ, जीव टांगणीला लागला होता. दुसरं म्हणजे वाहतुकीसाठी लावलेले रॉड बसवल्यावर काढायचे असतात, त्यांना ना पिवळा रंग होता ना टॅग, आमच्या फिटरनं विचारलं म्हणून कळलं, नाहीतर बेलो जागच्या जागी जाम राहिला असता. सूचनांचा कागद इंग्रजीत, फिटर लोकांसाठी मराठीत एक पान द्यायला काय हरकत आहे?

पाचपैकी चार. लाईव्ह स्टीमच्या (बॉयलरकडून थेट येणाऱ्या जास्त दाबाच्या वाफेच्या) लाईनला मात्र जागा असेल तर बेलो घेऊ नका, लूपच (वाढ सामावून घेणारं पाईपचंच वळण) टाका. वेल्डिंग करताना घड्यांवर फायर ब्लँकेट टाका, एक ठिणगी पडली तरी तो पातळ पत्रा खराब होतो.