सनस्क्रीन की पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट?
उष्णकटिबंधीय बेटाच्या किनाऱ्यावर दिवसभरासाठी हलकी पिशवी भरताना या दोहोंपैकी भर कशावर द्यावा, असा प्रश्न अनेकांना पडतो. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा लावावे लागते, शिवाय स्वतःच्या पाठीवर हात नीट पोहोचत नाही. उलट यूपीएफ (कापड उन्हापासून किती संरक्षण देते याचे माप) ५० दर्जाचे कापड अतिनील किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग आत येऊ देते आणि एकदा अंगावर चढवले की काम संपते. शर्ट सुरुवातीला महाग पडतो, पण बाटलीसारखा संपत नाही. अमेरिकेच्या हवाई बेटांवर ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट ही ऊन अडवणारी रसायने असलेले सनस्क्रीन २०२१पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाही. शर्टाला ही अडचण नाही. ओला शर्ट अंगाला चिकटतो, हे मात्र खरे. तासन्‌तास पाण्यात राहणाऱ्यांनी शर्टच घ्यावा आणि चेहरा, हातपाय यांसाठी सनस्क्रीनची छोटी नळी सोबत ठेवावी. बहुतेक वेळ सावलीत वाचत बसणाऱ्यांना सनस्क्रीन पुरेल.