साकुराची ‘फुल ब्लूम गॅरंटी’ विकत घेण्याआधी

साकुराच्या, म्हणजे जपानी चेरीच्या बहराच्या दिवसांत एकट्याने जपानला जाऊन निवांत फोटो काढायचे, असा बेत करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. 2024च्या वसंतासाठी मी ज्या एजंटाकडून प्रवास ठरवून घेतला, त्याने दिलेले बहुतेक कागद खरे होते. विमानाचा पीएनआर खरा, हॉटेलांची बुकिंगं खरी, व्हिसाही खरा. तरी पैसे बुडाले. कसे, ते सांगते.

माणूस गोड बोलणारा होता, आणि नुसता गोड नव्हे, विषय जाणणारा. ‘मॅडम, ग्रुप टूर तुमच्या कामाची नाही. त्यांची बस नाश्ता करून आठला निघते आणि तुम्हाला साडेपाचला टोकियोतल्या चिदोरिगाफुचीच्या खंदकावर उभं राहायचंय.’ असं म्हटल्यावर कुठला फोटोवाला विरघळणार नाही? योशिनोच्या डोंगरावर तीस हजारांच्या आसपास झाडं आहेत, बहर पायथ्याकडून माथ्याकडे चढत जातो, म्हणून खालचा हुकला तरी वरचा सापडतो, हेही त्यानेच सांगितलं. सगळं खरं. थोड्याच दिवसांत मॅडमची ताई झाली.

मग आली ‘फुल ब्लूम गॅरंटी’, म्हणजे पूर्ण बहर नक्की दिसेल अशी हमी. अठरा हजार रुपये जास्त. ‘ताई, जपानच्या सरकारी हवामान खात्याकडून आम्हाला बहराच्या तारखा आधी मिळतात.’ आता जरा हे ऐका. तिथलं सरकारी खातं 2010पासून बहराचा अंदाज देतच नाही. ते काम खासगी कंपन्या करतात. खातं फक्त निरीक्षण करतं. टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे, त्यावर पाच-सहा फुलं उमलली की शहरात साकुरा सुरू झाल्याची घोषणा होते, आणि ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. 2023 साली ही सुरुवात 14 मार्चला झाली, 2024 साली 29 मार्चला. एकच शहर, एकच झाड आणि पंधरा दिवसांचा फरक. पूर्ण बहर टिकतो जेमतेम आठवडाभर, त्यात पाऊस-वारा आला की संपलंच. याची गॅरंटी कोण देणार?

एकट्या प्रवाशासाठी आणखी दोन कलमं होती. एक, ‘जपानमध्ये एकट्या बाईला खोली लवकर देत नाहीत, आमची ओळख लागते.’ साफ खोटं. तिथली बिझनेस हॉटेलं चालतातच एकेकट्या माणसांवर. दुसरं, ट्रायपॉडचा परवाना, बारा हजार. लाल गोल शिक्क्याची सुबक पीडीएफ आली. हौशी पर्यटकाने विकत घ्यावा असा देशभर चालणारा ट्रायपॉडचा परवाना नावाची वस्तूच नाही. ज्या ठिकाणी मनाई असेल तिथे मनाई, एवढाच कारभार.

आता मुख्य डाव. व्हिसासाठी विमानाचा तपशील, राहण्याची ठिकाणं आणि दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो. त्याने पीएनआर पाठवला. विमान कंपनीच्या साइटवर टाकला, तर माझं नाव, तारीख, सगळं हजर. योशिनोच्या मुक्कामाला मी स्वतः ईमेल केला, त्यांनीही ‘हो, बुकिंग आहे’ म्हणून नम्र उत्तर पाठवलं. माणूस याहून काय तपासणार?

पण पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. सहा अक्षरांचा पीएनआर जागा नुसती धरून ठेवली तरी मिळतो. पैसे भरले नाहीत तर मुदतीनंतर ती जागा आपोआप सुटते. तिकीट निघालं की तेरा आकडी तिकीट क्रमांक येतो, त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे ठरलेले असतात. माझ्या पीडीएफमध्ये तो रकानाच नव्हता. हॉटेलांची बुकिंगं ‘फ्री कॅन्सलेशन, पैसे तिथे पोचल्यावर’ या प्रकारातली, आणि त्यावरचा ईमेल पत्ता एजंटाचा. म्हणजे रद्द केल्याची पोच त्याच्याकडेच जाणार. पासपोर्टवर व्हिसा चिकटून आला आणि त्याच आठवड्यात सगळे मुक्काम रद्द झाले. मला पत्ता नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये तिकडे थंडी लांबली आणि टोकियोचा अंदाज पुढे पुढे सरकत गेला. त्याच्या पथ्यावरच पडलं. ‘ताई, बहर लांबलाय. गॅरंटी आहे म्हणून आम्ही तारीख बदलून देतोय, फक्त विमानाचा डिफरन्स तेवढा भरा.’ 38 हजार. ‘कार्डाने नको, दोन टक्के जातात, यूपीआय करा.’ नवा पीएनआर आला, तोही साइटवर दिसला. बातम्यांतही बहर लांबल्याचंच होतं, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. फसवणाऱ्याला एवढी सोयीची सबब दुसऱ्या कुठल्या सहलीत मिळत नसेल. फुलंच बेभरवशाची, मग रोज बदलणाऱ्या गोष्टींचा संशय कोण घेणार?

उलगडा झाला तो माझ्या जपानी शिकवणाऱ्या मैत्रिणीमुळे. संध्याकाळचं जेवण शाकाहारी हवं, एवढं कळवायला तिने योशिनोला फोन केला. बोलता बोलता तिचा चेहरा बदलला. पलीकडच्या बाई वही चाळून सांगत होत्या, ‘त्या नावाचं बुकिंग फेब्रुवारीतच रद्द झालंय.’ मग विमान कंपनीला फोन. दोन्ही पीएनआरवर तिकीट कधी निघालंच नव्हतं. एजंटाचा फोन आधी ‘मीटिंगमध्ये आहे’, मग बंद.

बिलही बघण्यासारखं आहे. त्यावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला की सुरतेच्या एका कापड व्यापाऱ्याचं नाव येतं. परदेशी टूर पॅकेजवर त्या वेळी सात लाखांपर्यंत पाच टक्के टीसीएस (विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारात भरायचा कर) होता, तोही त्याने बिलात लावून घेतला होता. हा कर खरोखर भरला असता तर माझ्या पॅनवर फॉर्म 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, दिसला असता. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं विवरण विकणाऱ्याने मेच्या मध्यापर्यंत भरायचं होतं. जून गेला, माझ्या 26एएसमध्ये एक रुपया नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर उलगडा झाला त्याच दिवशी फोन केला आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. फोन लगेच केला तर समोरच्या खात्यात उरलेली रक्कम गोठवता येते. शेवटच्या 38 हजारांतले अकरा हजार त्या खात्यात सापडले. पहिला हप्ता, 40 हजार, मी क्रेडिट कार्डाने भरला होता. सेवा मिळालीच नाही म्हणून बँकेकडे वाद नोंदवला. पावती, चॅट, विमान कंपनीचा ईमेल जोडला. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर ते पूर्ण परत आले. गोठवलेले अकरा हजार सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागायचा, त्यासाठी अर्ज केला. यूपीआयने गेलेले बाकीचे दीड लाखावर पैसे गेले ते गेले. चौकीतल्या हवालदारांनी फाइल दाखवली, त्यात माझ्या आधीच्या दोन तक्रारी एजंटाच्या त्याच क्रमांकावरच्या होत्या. एक लडाखची, एक नेदरलँड्सच्या ट्युलिपची.